बालपणाचे ऋण

ग्रेटर नोएडातील आमच्या सोसायटीत दर रविवारी सकाळी स्वाध्याय होतो. पंधरा-वीस साधक जमतात, एका लेखाचे वाचन होते आणि मग त्यावर चर्चा होते. गेल्या हिवाळ्यातील एका रविवारी वाचन चालू असताना खिडकीतून शेजारच्या बांधकामाचा आवाज येत होता. वरच्या मजल्यांचे काम सुरू होते आणि खाली वाळूच्या ढिगाऱ्याजवळ तीन-चार मुले खेळत होती. चर्चेत कोणीतरी म्हणाले, "या लेकरांकडे पाहिले की वाईट वाटते." त्यावर एक ज्येष्ठ काका शांतपणे म्हणाले, "ज्याचे त्याचे प्रारब्ध. आपण काय करणार?"

पुढे कोणी काही बोलले नाही. मीही बोलले नाही. खरे सांगायचे तर त्या उत्तराने मला थोडे हायसे वाटले. घरी आल्यावर मात्र मनात प्रश्न आला: एका लहान मुलाच्या दुःखाचे कारण ऐकून मला हायसे का वाटावे?

त्या मुलांपैकी एका मुलीला मी ओळखत होते. सात-आठ वर्षांची असेल. कडेवर कायम धाकटा भाऊ. तिची आई घमेले वाहायची, वडील सळया बांधायचे. बुंदेलखंडातून आलेले कुटुंब. संध्याकाळी फाटकाजवळ मी तिला काही दिवस अक्षरे शिकवली. एकदा तिने विचारले, "दीदी, स्कूल में मेरा नाम लिखवा दोगी?" मी म्हटले, माझी परीक्षा झाली की नक्की. परीक्षा झाली. मी गेले तेव्हा पत्र्याच्या खोल्या काढून नेलेल्या होत्या. काम संपले होते आणि ठेकेदाराने माणसे दुसरीकडे हलवली होती. कुठे, हे राखणदारालाही ठाऊक नव्हते. जिथे तिची खोली होती, तिथे आता हिरवळ लावली आहे.

हा लेख त्या न पाळलेल्या शब्दातून आला आहे.

गरिबी मुलाकडून काय घेते?

गरिबी म्हणजे पैशाची कमतरता, असे आपण सहज म्हणतो. मोठ्या माणसाच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरेही आहे. पैसा आला की त्याचे दिवस पालटू शकतात. मुलाचे तसे नाही. मुलाचे शरीर, बुद्धी आणि मन घडण्याचा काळ ठरलेला असतो. गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचे सुमारे एक हजार दिवस यांत सर्वांत महत्त्वाचे मानले जातात. या काळात पोषण कमी पडले, वारंवार जुलाब आणि ताप झाले, तर उंची खुंटते. त्यासोबत मेंदूची वाढही मंदावू शकते. पुढे पोटभर मिळाले तरी ती झीज पूर्ण भरून निघणे फार कठीण असते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) भारतात पाच वर्षांखालील दर १०० मुलांपैकी सुमारे ३५ मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आहे. महाराष्ट्राचा आकडाही जवळपास तेवढाच आहे. आपले राज्य संपन्न समजले जाते, म्हणून हे मुद्दाम सांगावेसे वाटते. जगाकडे पाहिले तर युनिसेफ आणि जागतिक बँकेच्या २०२३ मधील अहवालानुसार सुमारे ३३ कोटी ३० लाख मुले अत्यंत गरिबीत जगत आहेत. म्हणजे जगातील दर सहा मुलांमागे एक. जगाच्या लोकसंख्येत मुले सुमारे एक तृतीयांश आहेत, पण अत्यंत गरीब लोकांमध्ये निम्म्याहून अधिक मुलेच आहेत. ज्यांचा गरिबीत काहीही दोष असू शकत नाही, त्यांच्याच वाट्याला ती सर्वांत जास्त आली आहे.

गरिबी मुलाकडून आईवडीलही घेते. ते जवळ असतात, पण त्यांचे लक्ष उरत नाही. तमिळनाडूतील ऊस शेतकऱ्यांवर झालेला एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच शेतकऱ्यांची तोडणीपूर्वी, म्हणजे हात आखडलेला असताना, आणि तोडणीनंतर पैसे हाती आल्यावर, अशी दोनदा बौद्धिक चाचणी घेतली गेली. पैशाची ओढाताण असताना त्यांना ती चाचणी स्पष्टपणे अवघड गेली. माणूस तोच, बुद्धी तीच. पण उद्याच्या चिंतेने मनाची जागा व्यापलेली. अशा आईला मूल काही विचारते आणि ती त्याच्यावर खेकसते, तेव्हा आपण म्हणतो, या लोकांना मुले वाढवता येत नाहीत.

आणि गरिबी मुलाकडून गाव घेते. बीडकडचा ऊसतोड मजूर दिवाळीच्या सुमारास मुलाबाळांसह कारखान्याच्या वाटेला लागतो आणि उन्हाळ्यात परततो. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे 'कोयता' म्हणतात. माणसांची ओळख हत्यारावरून. शाळेच्या पटावर मुलाचे नाव गावात आणि मूल फडात. साखरशाळा आणि हंगामी वसतिगृहे यांचे प्रयत्न झाले, तरी हे चक्र पूर्ण थांबलेले नाही. दिल्लीच्या आसपासच्या बांधकामांवरील मुलांचेही हेच आहे. फरक इतकाच की त्यांना परतण्याचा हंगामही ठरलेला नसतो. एक इमारत उभी राहिली की दुसरी.

प्रारब्ध कोणाचे आणि कोणी म्हणायचे?

आता काकांच्या उत्तराकडे येऊ. कर्मसिद्धांत आपल्या साधनेचा पाया आहे आणि तो नाकारण्याचा माझा मुळीच हेतू नाही. पण तो आपल्याला कशासाठी दिला आहे, हे पाहिले पाहिजे.

माझ्यावर संकट आले आणि मी म्हटले, "हे माझे कर्म आहे," तर त्या विचाराने मी कोणाला दोष देत नाही, धीर धरते आणि पुढचे पाऊल नीट टाकते. कर्मसिद्धांत हा आरसा आहे. त्यात आपला चेहरा पाहायचा असतो. तेच वाक्य मी दुसऱ्याच्या लेकराबद्दल उच्चारले, तर आरशाची भिंत होते. मी भिंतीच्या या बाजूला सुरक्षित राहते आणि ते लेकरू त्या बाजूला. मला हायसे वाटले ते यामुळेच. त्या उत्तराने मुलीचे काहीच झाले नाही, फक्त माझी सुटका झाली.

शिवाय आपले शास्त्र केवळ प्रारब्धावर थांबत नाही. संचित आहे, प्रारब्ध आहे आणि क्रियमाणही आहे. त्या मुलीचे प्रारब्ध काय होते, हे जाणण्याची दृष्टी माझ्याजवळ नाही. पण तिने माझ्याकडे काही मागितले तेव्हा मी काय केले, हे माझे क्रियमाण होते आणि ते पूर्णपणे माझ्या हातात होते. ती माझ्यासमोर आली, हेही कोणाच्या तरी प्रारब्धाचे फळच म्हणावे लागेल. ते तिचे असेल तसे माझेही असेल.

संत एकनाथांची एक कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पैठणला भर दुपारी गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात एक अस्पृश्य मानले गेलेले मूल आईमागे धावताना मागे राहिले आणि रडत बसले. नाथांनी त्याला उचलून कडेवर घेतले, त्याचे तोंड पुसले आणि त्याच्या घरी नेऊन पोचवले. हे मूल या कुळात का जन्मले, याचा विचार नाथांना करता आला नसता का? त्यांच्याइतका शास्त्राचा अधिकार कोणाला होता? पण पायाखालची वाळू तापलेली होती. आधी मूल उचलणे आवश्यक होते.

दया की देणे?

यापुढे एक सूक्ष्म प्रश्न उरतो. मूल उचलायचे, हे मान्य. पण कोणत्या भावनेने? बहुतेक वेळा आपण दयेने देतो. थंडीत ब्लँकेट, वाढदिवसाला खाऊ, दिवाळीला जुने कपडे. ते वाईट नाही. पण दयेत देणाऱ्याची सोय असते. मनात आले तर द्यावे, नाही आले तर न द्यावे, परीक्षा असेल तर पुढे ढकलावे. मी नेमके हेच केले.

आपल्या परंपरेत याहून मोठा शब्द आहे: ऋण. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण यांच्यासोबत मनुष्यऋण आणि भूतऋणही सांगितले आहे. माणूस जन्माला येतो तो देणेकरी म्हणूनच. मी ज्या घरात बसून हे लिहिते आहे, त्याच्या भिंती कोणीतरी रचल्या. त्या रचल्या जात असताना त्या मजुरांची मुले खाली वाळूत होती. त्यांच्या शाळेची वर्षे या इमारतीत गेली.

कोणी म्हणेल, आम्ही घराची पूर्ण किंमत मोजली, मजुरांना मजुरी मिळाली, मग ऋण कसले? मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी आहे. हिशेबातली एक साधी गोष्ट आम्हाला सुरुवातीलाच शिकवतात: खर्च वहीत लिहिला नाही म्हणून तो नाहीसा होत नाही. आपल्या घराच्या किमतीत सिमेंट आहे, लोखंड आहे, नफा आहे, व्याज आहे. त्या मुलीच्या न शिकलेल्या वर्षांची नोंद कुठेच नाही. म्हणून तो खर्च झाला नाही, असे नाही. तो तिच्या नावावर पडला.

विशेष म्हणजे हे देणे आपल्या कायद्यानेही मान्य केले आहे. १९९६ च्या कायद्यांनुसार बांधकाम खर्चाच्या १ टक्का इतका उपकर मजुरांच्या कल्याणासाठी जमा केला जाऊ लागला. त्यातून मजुरांच्या मुलांच्या शिक्षणालाही मदत करता येते. पण मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या निधीचा हिशेब पाहिला, तेव्हा देशभरात ३७,४०० कोटी रुपयांहून अधिक रक्कम गोळा झाली होती आणि मजुरांसाठी खर्च झाली होती ती सुमारे ९,५०० कोटी. बाकीची रक्कम पडून होती. देणे मान्य झाले, पैसेही जमा झाले, पण ज्याचे होते त्याच्यापर्यंत पोचले नाहीत. कारण लाभ मिळण्यासाठी मजुराची मंडळाकडे नोंदणी हवी. त्यासाठी वर्षात किमान ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला हवा. दर काही महिन्यांनी जागा बदलणाऱ्या, सही करता न येणाऱ्या माणसाला तो दाखला देणार कोण?

हिवाळ्यात दिल्लीची हवा बिघडली की बांधकामे थांबवली जातात. ते आवश्यकच आहे. त्या विषारी हवेत ती मुलेही श्वास घेतात. पण बंदी लागली की रोजंदारी थांबते आणि नुकसानभरपाई मिळते ती नोंदणी असलेल्यांना. आपण खिडक्या लावून घेतो, तेव्हा खाली एका घरात दुधाचा खर्च पहिला कमी होतो.

राजघाटावरील तंबू

१९६९ साल महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीचे. दिल्लीत राजघाटाजवळ त्यांच्या जीवनावरील प्रदर्शनासाठी मोठे बांधकाम चालू होते. ज्या महात्म्याने शेवटच्या माणसाचा विचार करायला सांगितले, त्याच्या स्मारकाच्या कामावर मजूर स्त्रियांची तान्ही मुले धूळ, ऊन आणि खडी यांमध्ये पडलेली होती. मीरा महादेवन यांनी ते दृश्य पाहिले. तिथून पुष्कळ लोक जात-येत असणार, आणि अनेकांना वाईटही वाटले असणार. मीराबाईंनी तिथेच एक तंबू उभारून पाळणाघर सुरू केले. त्यातून 'मोबाइल क्रेशेस' ही संस्था उभी राहिली. काम जिथे जाईल, तिथे पाळणाघर जाईल, ही तिची कल्पना. पुढे मुंबई आणि पुण्यातही हे काम पोचले.

पुढे १९९६ च्या कायद्याने सांगितले की ज्या बांधकामावर ५० हून अधिक स्त्रिया काम करतात, तिथे सहा वर्षांखालील मुलांसाठी योग्य खोली असली पाहिजे. हिशेबी माणूस कागदावर ४९ स्त्रिया दाखवू शकत होता. म्हणून कायद्याच्या जोडीला कोणाची तरी नजर लागते. राजघाटावर आधी नजर आली आणि कायदा नंतर.

आपल्या महाराष्ट्रातही याच दृष्टीने काम झाले आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम केले, अनुताई वाघ यांनी ते पुढे नेले. मुले बालवाडीत येत नाहीत म्हणून ताराबाईंनी पालकांना दोष दिला नाही. त्या बालवाडी मुलांच्या अंगणात घेऊन गेल्या. त्यातून अंगणवाडीची कल्पना आली. जी मुले गुरे राखायला कुरणात जात, त्यांच्यासाठी कुरणातच शाळा भरली, ती कुरणशाळा. स्वामी विवेकानंदांनी १८९४ मध्ये अमेरिकेतून म्हैसूरच्या महाराजांना लिहिलेल्या पत्रात हाच विचार मांडला होता. गावोगावी मोफत शाळा उघडल्या तरी गरिबाचा मुलगा पोटासाठी शेतावरच जाईल. म्हणून विद्येनेच त्याच्यापर्यंत चालत गेले पाहिजे. याच स्वामीजींनी आपल्याला दरिद्रनारायण हा शब्द दिला. नारायण दारात आला असता आपण त्याला पुढच्या महिन्यात या, असे सांगतो का?

या ऋणाला मुदत आहे

या सर्व चिंतनातून मला एकच गोष्ट कळली, ती इथे मांडते. मुलांचे देणे हे मुदतीचे ऋण आहे. इतर ऋणे उशिरा फेडली तरी फिटतात. फार तर व्याज वाढते. बालपणाचे तसे नाही. दोन वर्षांच्या मुलाचे दूध त्याला दहाव्या वर्षी दिले, तर ते दूधच असते, पण ते देणे फिटलेले नसते. सातव्या वर्षीचा पाटीवरचा 'अ' सतराव्या वर्षी गिरवता येतो, पण मधली दहा वर्षे परत येत नाहीत. मी त्या मुलीला नाही म्हटले नव्हते. मी फक्त नंतर म्हटले होते. मुलाच्या बाबतीत या दोन शब्दांत फारसा फरक नसतो, हे मला त्या हिरवळीपाशी उभी असताना समजले.

मग साधकाने काय करावे? सर्वांना संस्था काढता येणार नाहीत. पण काही गोष्टी कोणालाही करता येतात, आणि त्यांना पैशापेक्षा वेळ आणि थोडी चिकाटी लागते.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. ६ ते १४ वर्षे वयाच्या मुलाला वयाचा दाखला नाही म्हणून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, तरी प्रवेश अडवता येत नाही. हे त्या आईवडिलांना माहीत नसते. कोणीतरी सोबत जाऊन मुख्याध्यापकांशी नम्रपणे बोलले, तर एका सकाळीत काम होऊ शकते. तीच सकाळ माझ्याकडून दिली गेली नाही.

अंगणवाडी ही सहा वर्षांखालील प्रत्येक मुलासाठी आहे. जवळची अंगणवाडी कुठे आहे, हे त्या आईला दाखवून द्यावे. लसीकरण सरकारी केंद्रांत मोफत असते. पुढच्या लसीची तारीख तिला आठवण करून द्यावी आणि गाव बदलताना कार्ड सांभाळून न्यायला सांगावे. 'एक देश, एक रेशनकार्ड' या व्यवस्थेमुळे गावचे कार्ड दुसऱ्या राज्यातही चालू शकते. अनेकांना हे ठाऊक नसल्याने ते कार्ड पेटीत पडून असते. वडिलांचा कल्याण मंडळातील नोंदणीचा अर्ज भरून द्यावा. एखादे मूल संकटात दिसले, तर १०९८ हा क्रमांक लावावा. आणि आपल्या सोसायटीत काम चालू असेल तर समितीच्या बैठकीत उभे राहून एवढेच विचारावे, "या कामावरच्या मुलांसाठी खोली कुठे आहे?"

अशा सेवेचे छायाचित्र निघत नाही. अर्ज भरणे, रांगेत उभे राहणे, दुसऱ्यांदा जाणे यात दाखवण्यासारखे काही नसते. पण म्हणूनच ती साधना होऊ शकते. तिथे 'मी दिले' हा भाव टिकत नाही, कारण आपण काही दिलेलेच नसते. जे त्या मुलाचेच होते, ते त्याच्यापर्यंत नेऊन पोचवलेले असते, जसे नाथांनी मूल त्याच्या घरी पोचवले.

पुढच्या रविवारी मी स्वाध्यायात हे सर्व सांगितले. काका बराच वेळ शांत होते. मग त्यांनी विचारले, "पलीकडच्या चौकात नवे काम सुरू झाले आहे. तिथे मुले आहेत का, पाहिलेस?" मी म्हटले, नाही. त्या दिवशी स्वाध्याय संपल्यावर आम्ही दोघे तिकडे गेलो. पाच मुले होती. दोघे शाळेच्या वयाचे. त्यांची नावे आणि वये लिहून घेतली आणि सोमवारी सकाळी, माझे व्याख्यान बुडवून, त्यांच्या वडिलांसोबत जवळच्या सरकारी शाळेत गेलो. एकाचे नाव पटावर चढले. दुसऱ्यासाठी आणखी एकदा जावे लागणार आहे.

माझी ती पहिली विद्यार्थिनी त्यांच्यात नव्हती. तिचे देणे माझ्याकडे राहिले आहे आणि ते तिला कधी देता येईल, असे वाटत नाही. वाचकहो, आपल्या घराभोवतीही एखादे असे मूल असेल. त्याचे नाव आपल्याला ठाऊक नसेल, तर आज विचारून घेऊ या. उद्या ते तिथे असेलच, असे नाही.